मापाला माणूस

तिसऱ्या वळणावर बायको दगडावर बसली आणि त्याने लगेच कॅमेऱ्याशी चाळा सुरू केला. लेन्स स्वच्छच होती, तरी ती रुमालाने दोनदा पुसली. तिला लागलेली धाप आपल्याला दिसलीच नाही, असं तिला वाटावं एवढाच उद्देश. बायकोही काही कमी नव्हती. बुटाची नाडी सुटली म्हणून आपण टेकलो असं दाखवत, घट्ट बांधलेली नाडी सोडून ती पुन्हा बांधत बसली. तेहेतीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांना जेवढं फसवलं नव्हतं, तेवढं त्या एका चढावर फसवून घेतलं.

तो सरकारी हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. वॉर्डातले लोक त्याला ‘हाडांचा फोटोग्राफर’ म्हणत आणि त्याला ते आवडायचं, कारण सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून तो खरोखरच भटकायचा. बायको म्हणायची, लोकांची हाडं बरी येतात तुमची, माणसं मात्र हलतात. त्याच्या खात्यात एक नियम होता. फोटोत काय दिसलं ते तंत्रज्ञाने पेशंटला सांगायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. एकतीस वर्षं त्याने हा नियम पाळला. बाहेर येऊन शर्टाची बटणं लावता लावता माणसं हमखास विचारायची, काही दिसलं का हो? आणि याचं उत्तर ठरलेलं, डॉक्टर सांगतील.

आज दुपारी बायकोनेही तेच विचारलं होतं. तीन आठवडे खोकला हटत नव्हता म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली होती. त्यानेच तिला पाटीला छाती टेकवून उभं केलं, खांदे पुढे घ्यायला लावले आणि काचेमागे जाऊन बटण दाबलं. पडद्यावर चित्र उमटलं आणि त्यात एक डाग होता. त्या डागाचा अर्थ कळायला त्याला कुठल्या डॉक्टरची गरज नव्हती. आयुष्यभर तो दुसरं काय बघत आला होता? पण बायको दारात येऊन उभी राहिली, तिने विचारलं आणि जिभेने सवयीने उत्तर देऊन टाकलं. डॉक्टर सांगतील. आणि फोटो वाचणारे डॉक्टर उद्या सकाळी दहाला येणार होते.

हॉस्पिटलच्या फाटकाशी ती म्हणाली, आज धबधब्याला जाऊ या. समोरचा तो कडा त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीतून सव्वीस वर्षं दिसत होता. पावसाळ्यानंतर त्यावर पाण्याची पांढरी रेघ उमटली की बायको जाऊ या म्हणायची, आणि हा ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणून तिला वाटेला लावायचा. रिटायर झालो की जाऊ, असं अलीकडे ठरलं होतं. त्याला चार महिने होते. एरवी त्याने उशीर झाला, शेवटची बस चुकेल, अशी दहा कारणं काढली असती. आज त्याने मुकाट्याने अर्धी रजा लिहून दिली. एक संध्याकाळ तरी तिला आजाराविना मिळू दे, असं त्याने स्वतःला समजावलं. पण चोराच्या मनात चांदणं. ती नुसती मागे वळून बघायची तरी त्याला वाटायचं, आता विचारणार.

डोंगराच्या धारेवर पोचायला त्यांना इतरांच्या दुप्पट वेळ लागला. वर वारा होता. पलीकडच्या कड्यावरून पाणी सरळ खाली पडत होतं. दरीत सावली भरत आली होती, पण माथ्यावर अजून पिवळं ऊन होतं. आणखी पाव तास, मग तेही जाणार. त्याने पिशवीतून थर्मास काढला. तिने तो हातात घेतला, उघडला नाही.

“किती मोठं आहे?” तिने विचारलं.

“धबधबा? असेल शंभरेक...”

“धबधबा मला दिसतोय. माझ्या छातीतलं विचारतेय.”

तो म्हणाला, “उद्या डॉक्टर...”

“अहो, ज्यांचं काही नसतं त्यांना तुम्ही ‘जा, घरी जाऊन निवांत चहा प्या’ म्हणता. नियम मोडत नाही नि माणूसही हसत जातो, असं घरी येऊन मला कितीदा सांगितलंत. आज मला तसं नाही म्हणालात.”

एकतीस वर्षांत कुणाला थांगपत्ता लागू दिला नाही, असं मानणारा हा माणूस स्वतःच्या घरात इतकी वर्षं सगळं फोडत आला होता. आणि दुपारीच तिला सगळं कळलेलं असताना आपण खालपासून वरपर्यंत लेन्स पुसत आलो, याची त्याला विलक्षण लाज वाटली. खाली बसून तो म्हणाला, उजवीकडे आहे, वरच्या बाजूला. केवढं, हे त्याने अंगठा आणि बोट धरून दाखवलं. मग नकळत बोटं थोडी जवळ आणली.

“खरं दाखवा.”

त्याने बोटं पुन्हा लांब केली. तिने आपल्या बोटांनी त्याच्या बोटांमधलं अंतर मोजून घेतलं, जसं कापड मोजतात तसं, आणि हात मांडीवर ठेवला. त्याला रडू आलं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. लेकीला आज कळवायचं नाही, तिची रात्रपाळी आहे, उद्या डॉक्टर काय म्हणतात ते ऐकूनच सांगू, असं तिने ठरवून टाकलं. मग म्हणाली, ऊन चाललं, फोटो काढा.

तो उठला. सवयीने म्हणाला, “त्या सपाट खडकावर उभी राहा.”

कुठल्याही डोंगराचा फोटो तो बायकोला कुठेतरी उभं केल्याशिवाय काढत नसे. माणूस असला की डोंगर केवढा ते कळतं, असं त्याचं म्हणणं. घरी अल्बमांची चळत होती आणि प्रत्येक कड्याखाली, प्रत्येक सुळक्याखाली बोटभर उंचीची बायको होती. आपण बायको नाही, फूटपट्टी आहोत, अशी तिची जुनी तक्रार होती.

ती दोन पावलं गेली आणि परत फिरली. “आज मी नाही उभी राहत. नुसता काढा.”

“अगं, मग केवढा आहे ते कळणार नाही.”

“न कळू दे. मी नसले की कसा दिसतो, ते एकदा बघायचंय मला.”

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. पुन्हा लावला. बटण काही दाबवेना. ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली आणि तिने त्याच्या कोपराखाली आपला तळवा धरला. तेव्हा कुठे बटण दाबलं गेलं.

मागच्या छोट्या पडद्यावर फोटो आला. माथ्यावरचं ऊन नीट आलं होतं. पाणी आलं होतं, पुढचा सपाट खडक आला होता. तिने पडद्यावर हाताची सावली धरून बराच वेळ पाहिलं. चांगला आलाय म्हणाली, पिशवी खांद्याला लावली आणि उजेड आहे तोवर उतरू या म्हणून वाटेला लागली. तो पडद्याकडे बघत तिथेच उभा होता. डोंगर केवढाही असू शकला असता.