गोळ्यावरचं दुसरं साल

बाबांच्या पोटात सूज आहे, असं घरात ठरलं. डॉक्टरांनी वेगळंच काहीतरी सांगितलं होतं, पण डॉक्टर काही घरचे नव्हते. दादाने इस्पितळाच्या लिफ्टजवळ उभं राहून निकाल दिला, "सूज म्हणायचं. सूज उतरते. माणसाला ऐकायला बरं वाटतं." दादा घरं विकायचा. खिडकीसमोर भिंत असली की 'उन्हाचा त्रास नाही' असं सांगायचा. त्यामुळे सुजेचा कारभार आपोआप त्याच्याकडे गेला. रोज संध्याकाळी येऊन तो ती थोडी थोडी उतरवून जायचा.

दिवसा बाबांजवळ थांबायची पाळी धाकटीची, कामावर रजा टाकून. ती एका मोठ्या मॉलच्या पार्किंगमध्ये कामाला होती. गाडी कुठे लावली ते विसरलेल्या लोकांबरोबर हिंडायचं आणि 'सापडेल, सापडेल' म्हणायचं, एवढंच काम. तसं म्हणताना तिला कधी लाज वाटली नव्हती, कारण गाड्या खरंच सापडायच्या. इथे मात्र बाबांनी "कधी सोडणार गं, ठमे?" असं विचारलं की ती त्यांची उशी नीट करायला लागायची. त्या उशीइतकी नीट केलेली उशी अख्ख्या इस्पितळात नसेल. आज सांगून टाकू, असं तिला रोज सकाळी वाटायचं आणि दुपारपर्यंत वाटेनासं व्हायचं. बाबा असेच, काहीच न कळता गेले, तर त्यात आपलाही हात असेल, हे ओझं तेवढं रात्रंदिवस डोक्यावर.

बाबा आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले होते. इस्पितळाचे कपडे त्यांनी पहिल्याच दिवशी परत केले. ज्याला खिसा नाही ते कपडेच नव्हेत, असं त्यांचं म्हणणं. शर्ट-पँट घालून ते भेटायला येणाऱ्यांच्या खुर्चीत बसायचे, आणि कंबर धरली म्हणून धाकटी पलंगावर आडवी व्हायची. एकदा एका नव्या नर्सने येऊन तिचाच रक्तदाब मोजला. तो जास्त निघाला.

वॉर्डाच्या टोकाला ख्रिसमसचं झाड उभं केलं होतं. या वॉर्डातून वर्षभरात जे गेले त्यांच्या नावाची एकेक वस्तू त्यांच्या नातेवाइकांनी हाताने बनवून झाडाला लटकवायची, अशी तिथली पद्धत. झाडाशेजारच्या भिंतीवर तसं लिहिलेलंच होतं. बाबांची नजर त्यावर पडू नये म्हणून धाकटी त्यांना रोज उलट्या दिशेने फिरवून आणायची. उलट्या दिशेला चादरी धुण्याचा विभाग होता. बाबांचा तिथल्या यंत्रांचा एव्हाना अभ्यास झाला होता.

त्या दुपारी तिचा डोळा लागला. जाग आली तर खुर्ची रिकामी. ती अनवाणीच धावली. बाबा झाडाशेजारच्या खोलीच्या दारात उभे होते, नाक वर करून.

"रंगाचा वास येतोय," ते म्हणाले. "हलक्या प्रतीचा आहे, पण रंग आहे."

आत लांब टेबलावर पारदर्शक प्लॅस्टिकचे गोळे, लोकर, रिबिनी, बटणं, गोंद आणि चमकीच्या बाटल्या मांडल्या होत्या. हस्तकला शिकवणाऱ्या बाई लगबगीने पुढे आल्या. इस्त्रीचा शर्ट घातलेला म्हातारा आणि मागे चुरगळलेली, विस्कटलेल्या केसांची मुलगी. त्यांनी बरोबर उलटा अंदाज बांधला. धाकटीला प्रेमाने खुर्ची दिली आणि बाबांना हळू आवाजात विचारलं, "कोणासाठी करताय?"

"माझ्यासाठी," बाबा म्हणाले.

"खरंय हो," बाईंनी डोळे टिपले. "शेवटी आपण स्वतःसाठीच करतो सगळं."

धाकटी बाबांच्या पाठीमागून बाईंना हातवारे करत होती. बाईंना वाटलं, तिला कात्री हवी आहे. त्यांनी ती दिली.

"बाबा, चला ना, चहा घेऊ."

"तू घे. मला काम आहे."

बाबांनी एक गोळा उचलला, दिव्यासमोर धरून फिरवला आणि शर्टाच्या टोकाने लख्ख पुसला. समोर एक चष्मेवाल्या बाई गोळ्यात चमकी ओतत होत्या. बाबांनी जरा वेळ बघितलं आणि न राहवून ते म्हणाले, "एवढी चमकी टाकलीत तर नाव कसं वाचणार लोक?"

"आमच्या ह्यांना आवडायची," त्या म्हणाल्या.

"मग टाका. गिऱ्हाइकाचा शब्द शेवटचा."

बाबांनी आपल्या गोळ्यावर रबरबँड चढवला. गोल वस्तूवर सरळ रेघ हवी असेल तर हाच उपाय, असं त्यांनी कोणी विचारलेलं नसताना सांगितलं. मग लाल रंगात थोडा काळा मिसळून त्यांनी आपलं नाव लिहिलं, आडनावासकट, वळणदार. हात थरथरत होता, पण ब्रश टेकला की थांबायचा. धाकटीला वाटलं, चला, नुसतं नाव लिहितायत. नाव काय, माणूस डब्यावरही घालतो. लिहून झालं की गोळा पिशवीत, बाबा पलंगावर, वेळ निभावली.

तेवढ्यात बाबांनी मान वर केली. खिडकीशी दोरीवर तयार गोळे वाळत टांगले होते. प्रत्येकावर नाव, नावाखाली साल, मग आडवी रेघ आणि पुढे अजून एक साल. बाबा एकेक करून सगळे वाचत गेले. पाट्या वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही ही त्यांची जुनी खोड. त्या खोडीपायी ते आयुष्यात सगळीकडे उशिरा पोचले होते.

"दुकानाच्या पाटीवर एकच साल असतं," ते अखेर म्हणाले. "बंद कधी झालं ते कोणी रंगवून घेत नाही."

धाकटीला इथे नीट करायला उशीही नव्हती.

त्यांनी ब्रश पुन्हा बुडवला. नावाखाली बारीक अक्षरात 'स्थापना' लिहिलं आणि पुढे आपलं जन्मसाल घातलं. मग आडवी रेघ मारली, ब्रश वरच धरला आणि गोळ्यावरची नजर न काढता विचारलं, "ठमे, पुढे काय घालू? हे साल की येणारं?"

चष्मेवाल्या बाई चमकी ओतायच्या थांबल्या.

"बाबा..."

"पंधरवड्यावर आलंय ना नवीन वर्ष. अंदाज चुकला तर पाटी खोटी पडेल. माझी एकही पाटी आजवर खोटी पडलेली नाही."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? तुझा दादा रोज सांगतो. इतकी सूज उतरली असती तर आत्तापर्यंत मीच उरलो नसतो."

धाकटीच्या हातात अजून ती कात्री होती. ती तिने टेबलावर ठेवली, मग सरळ केली, मग पुन्हा सरळ केली. खरं सांगायची एवढी संधी तिला रोज सकाळी हवी असायची. आता बाबांनी ती समोर आणून ठेवली होती, त्यात फक्त एक आकडा भरायचा होता, आणि ती कात्रीच सरळ करत होती.

दारातून दादाचा आवाज आला; तो आज लवकर आला होता. "अरे वा! आज चक्क इथवर चालत आलात? मी म्हटलंच होतं! आत्ताच डॉक्टर भेटले, म्हणाले सूज जवळजवळ..." मग त्याला दोरीवरचे गोळे दिसले. दादा घाईघाईने हसला. "छान. काय बनवताय?"

"साल कोणतं घालू ते विचारतोय हिला," बाबा म्हणाले. "तू सांगतोस?"

"सालबिल कशाला? एखादी चांदणी काढा की! पुढच्या वर्षी आपण घरीच झाड आणू, चांगलं छताला टेकेल एवढं..."

"छत विकतोयस का रे मला?" बाबा म्हणाले. त्यांनी ब्रश धाकटीपुढे धरला. "घे. माझा हात दमला."

धाकटीने ब्रश घेतला. दादा तिच्याकडे बघत होता. वेडी आहेस का, असं त्याचे ओठ आवाज न करता म्हणाले. तिने डाव्या हातात गोळा धरला. तो इतका हलका होता की तिने दोनदा चाचपून बघितला. मग तिने रेघेच्या पुढे याच वर्षाचे आकडे लिहिले, एकेक करून, तोंडाने काहीही न बोलता. शेवटच्या आकड्याला तिचा हात घसरला.

"बघू," बाबा म्हणाले. त्यांनी गोळा जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. धाकटीला वाटलं, आता त्यांना रडू येईल.

"शेवटचा आकडा खाली गेलाय."

"पुसून परत लिहू?"

"नको. वाचता येतोय."

ओला गोळा कुठे ठेवायला जागा नव्हती, म्हणून बाबा तो दोऱ्याने हवेत धरून बसले. एका बाजूला धाकटी बसली, दुसऱ्या बाजूला दादा. इतके दिवस तिघांकडे बोलायला निदान सूज होती. आता विषयच राहिला नव्हता. चष्मेवाल्या बाई डोळे पुसत बाहेर निघून गेल्या. गोळा वाळेपर्यंत कोणालाच उठता येत नव्हतं.

बाबांनी मोकळ्या हाताने दादाचं मनगट धरलं.

"दुखेल का रे फार?"

दादाचं तोंड लगेच उघडलं. 'छे, अजिबात नाही' हे शब्द धाकटीला त्याच्या जिभेवर चक्क दिसले. तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने तोंड मिटलं.

"माहीत नाही, बाबा," तो म्हणाला. "विचारतो डॉक्टरांना. आत्ता जातो आणि विचारतो."

"जा," बाबा म्हणाले. पण मनगट सोडायचं त्यांनी काही नाव घेतलं नाही, आणि दादानेही ते सोडवून घेतलं नाही.