दीडशे पावलं पूर्वेला

दुकानदाराने पाचवा टॅबलेट काचेवर ठेवला तेव्हा त्याचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा झाला होता. ताई मात्र ढिम्म हलली नव्हती. तिच्या शेजारी तिचा नवरा, ज्याला सगळे मिस्त्रीच म्हणत, उगाच चार्जरांच्या वायरी मोजत उभा होता.

"हा घ्या. पडदा मोठा आहे, आवाज दणदणीत. गाणी छान ऐकू येतात."

"गाणी माझी मी म्हणते," ताई म्हणाली. "ह्यात जीपीएस आहे का, तेवढं सांगा."

"सगळ्यांत असतं हो."

"स्वस्तातल्या निम्म्यांत नसतं. वायफाय गेलं की बिचाऱ्यांना आपण कुठं आहोत तेच कळत नाही."

एवढं बोलून ती टॅबलेट घेऊन सरळ रस्त्यावर गेली, वायफाय बंद केलं आणि भर उन्हात मधोमध उभी राहिली. मागून मिस्त्री धावला, त्याच्यामागून दुकानदार धावला, कारण पैसे अजून दिले नव्हते. एक ट्रकवाला थांबून जे काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. पहिल्या चारही टॅबलेटांनी ती रस्त्यावर आली तरी तिला दुकानातच उभं ठेवलं होतं. ह्या पाचव्याने दीड मिनिट घेतलं, पण निळा ठिपका बरोबर चांभाराच्या दुकानासमोर आणून ठेवला. उन्हात पडदा वाचता येत होता. मेमरी कार्डाला खाच होती. "हाच," ती म्हणाली.

ॲपांचीही अशीच परीक्षा झाली. एकात वरून काढलेले फोटो इतके सुंदर होते की मिस्त्री बघतच बसला, पण नेट बंद केल्यावर ते पांढरंफटक पडलं. दुसऱ्यात रस्ते तेवढे होते, आणि ताईच्या धंद्याला तर रस्त्याचंच वावडं. तिसरं दिसायला गावंढळ, पण नकाशा आधीच उतरवून ठेवता येत होता, गाडी गेली ती वाट आपोआप नोंदली जात होती आणि हव्या त्या जागी ठिपका ठोकता येत होता. ताईने तेच ठेवलं.

तिचा धंदा दलदलीतून जीप नेण्याचा. पलीकडे दगडाची खाण होती. डांबरी रस्त्याने वळसा घालून जायला पूर्ण दिवस लागे, दलदलीतून दीड तास. चिखलाच्या पोटातून कठीण जमिनीचा एक कणा गेला होता, जेमतेम एका गाडीच्या रुंदीचा, आणि तो वरून अजिबात दिसत नसे. खाणीची माणसं, औषधं, यंत्रांचे सुटे भाग, सगळं तिच्याच जीपमधून जाई, कारण तो कणा तिला ठाऊक होता आणि दुसऱ्या कुणालाही नव्हता.

आता ह्या धंद्यात नकाशे चोरीला जातात. म्हणून बारा वर्षं ताईने फोनमध्ये ठोकलेला प्रत्येक ठिपका खऱ्या जागेपासून दीडशे पावलं पूर्वेला ठोकला होता. चालवताना मनात तेवढं पश्चिमेला सरकायचं, की झालं. हे गुपित दोघांनाच माहीत होतं: तिला आणि तिच्या धाकट्या भावाला. त्याला तिने अंगाखांद्यावर खेळवलं, शेजारच्या सीटवर बसवून धंदा शिकवला, फक्त स्टिअरिंग कधी दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी तो चिडला आणि खाणीच्या वाहतुकीवर डोळा ठेवून असलेल्या ठेकेदाराकडे निघून गेला. "मरेपर्यंत क्लीनर ठेवशील मला," असं म्हणाला होता. ते खोटं होतं असं ताईला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

आणि आता तिच्या उजव्या डोळ्याने दगा दिला. डॉक्टरने गाडी बंद सांगितली. यापुढे जीप मिस्त्री नेणार होता. मिस्त्री इंजिन डोळे झाकून खोलेल, पण दिशांचं म्हणाल तर त्याला डावा हात कुठला ते जेवताना कळत असे. त्याला बेरीज-वजाबाकी सांगणं म्हणजे त्याला चिखलात पुरणंच. म्हणून ताईने नवा टॅबलेट मांडीवर ठेवून अखेरची खेप केली आणि कणा जिथे होता तिथेच, एकेक करून, बेचाळीस ठिपके ठोकले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नकाशात खोटं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रीच्या गॅरेजच्या दारात ठेकेदाराची गाडी उभी राहिली. मुकादम उतरला, त्याच्यामागून धाकटा.

मिस्त्री जीपखाली होता. मुकादमाने त्याला पायाला धरून बाहेर ओढलं, उठायच्या आत त्याच्या बरगड्यांत बूट घातला आणि जमिनीवरचा चाकाचा पाना उचलला.

"वाट दे," तो ताईला म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता.

"कसली वाट?"

त्याने मिस्त्रीचा उजवा हात जॅकवर ठेवला आणि पाना हाणला. हाडं मोडल्याचा आवाज ताईने ऐकला. मिस्त्री ओरडला, तशी मुकादमाने त्याच्या तोंडावर दुसरा हाणला आणि दात रक्तासकट फरशीवर सांडले. ताई अंगावर धावून गेली. धाकट्याने तिला मागून दोन्ही हातांनी कवळ घातली.

"ताई, देऊन टाक गं. हा थांबायचा नाही. भाऊजींना मारून टाकेल."

"तू आणलंस ह्याला?"

"मी समजवायला आलो होतो." कवळ मात्र सुटली नाही.

मुकादमाने पाना तिसऱ्यांदा उचलला, ह्या वेळी डोक्यावर. "जीपमध्ये टॅबलेट आहे," ताई म्हणाली. "डॅशबोर्डला लावलाय. घ्या आणि चालते व्हा."

मुकादमाने टॅबलेट काढून आणला. धाकट्याने तो चालू केला, बोटांनी नकाशा मोठा केला आणि ठिपके बघून तो चक्क हसला. लहानपणी कोडं सुटलं की हसायचा तसाच.

तो का हसला ते ताईला कळलं होतं. "ऐक," ती म्हणाली. "खरे आहेत ते. आहेत तिथेच आहेत. काही सरकवू नकोस."

"म्हणजे काय?" मुकादमाने विचारलं.

"काही नाही," धाकटा म्हणाला. "माझी बहीण आहे, मी ओळखतो हिला. मला वाचता येतं हिचं."

"तुझ्या गळ्याची शपथ, खरं सांगतेय मी."

"तू लहानपणापासून माझ्याच गळ्याच्या खोट्या शपथा घेतेस," तो म्हणाला, जवळजवळ मायेने. मग दोघं गाडीत बसले. स्टिअरिंगवर धाकटा होता.

ताईने मिस्त्रीच्या हाताला फळी बांधली, रक्त पुसलं, शेजारच्या शिवणवालीला हाक मारून त्याचं डोकं तिच्या मांडीवर दिलं आणि जीपची किल्ली घेतली. मिस्त्रीने डाव्या हाताने तिचा घोटा धरला.

"मरू दे त्याला," तो रक्ताच्या गुळण्यांमधून म्हणाला.

"अहो, सोडा."

"मरू दे म्हणतो ना."

तिला त्याचं पटत होतं, आणि हेच सगळ्यात वाईट होतं. तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि निघाली.

एका डोळ्याने, नकाशाशिवाय, ती कण्यावरून गेली. बारा वर्षं अंगात मुरलेली वाट होती ती. अकराव्या ठिपक्यापर्यंत कणा सरळ पश्चिमेला जातो, तिथे तो उत्तरेला वळतो, आणि तिथेच तिला ते दिसले. दीडशे पावलं पश्चिमेला, अगदी मोजून. ठेकेदाराची गाडी खिडक्यांपर्यंत बुडाली होती. मुकादम टपावर गुडघे टेकून बसला होता. धाकटा छातीपर्यंत चिखलात, एका हाताने दार धरून. मुकादम त्याला पान्याने मारत होता. डोक्यावर, खांद्यावर, दार धरलेल्या बोटांवर. "मुद्दाम आणलंस," प्रत्येक फटक्याला तो म्हणत होता. "बहीणभावांनी मिळून."

जिथवर जमीन तोलत होती तिथवर ताई पोटावर सरपटत गेली, पाठीमागे जीपला बांधलेला दोर ओढत. शेवटी तिने तो फेकला. धाकट्याच्या हाताशी पडला, पण मुकादमाने त्याच्या तोंडात लाथ घालून तो हिसकावला आणि दोराला धरून, धाकट्याच्या खांद्यावर पाय देऊन, चिखलातून पुढे आला. धाकटा गळ्यापर्यंत खाली गेला.

मुकादम काठावर चढला. पाना अजून हातात होता. "आता तू," तो म्हणाला.

दोरासोबत ताईने जीपमधलं फावडंही ओढत आणलं होतं. तिने ते उभं धरून त्याच्या नडगीवर घातलं. तो वाकला, तेव्हा मानेवर घातलं. पडला, तरी पान्याचा हात हलत होता, म्हणून मनगटावर घातलं, एकदा, दोनदा, तो हात हलायचा थांबेपर्यंत. त्यात दया नव्हती, आणि नंतर कधी तिने ती होती असं सांगितलंही नाही. मुकादम काठावर गुरासारखा ओरडत पडला. तिने त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

धाकट्याला काढायला अर्धा तास गेला. दोराचा फास काखेत अडकवून जीप इंचाइंचाने मागे घ्यावी लागली. बाहेर आला तेव्हा डोक्याची एक बाजू आत गेली होती आणि त्या कानातून पाण्यासारखं काहीतरी येत होतं. ताईने त्याला पुढच्या सीटवर बसवला. तिची सीट नव्हे, त्याची जुनी. मग क्षणभर थांबून त्याचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

"ताई."

"बोलू नकोस. तासाभरात दवाखाना."

"किती सरकवलं होतंस ह्या वेळी?"

चाकांखाली कणा घट्ट होता.

"मी दीडशे धरले," तो म्हणाला. "बरोबर धरले होते. मोजून. मला येतं सगळं, तूच म्हणायचीस ना, नाही येत."

"येतं रे तुला."

"मग चुकलं कसं? सांग ना. किती?"

एकदा खरं सांगून बघितलं होतं तिने. आता त्याची नजर तिच्यावर खिळली होती, एका डोळ्यात रक्त उतरलेलं, आणि त्या नजरेत भीती नव्हती, शाळेतलं गणित चुकल्याची लाज होती.

"ऐंशी," ताई म्हणाली. "आणि पश्चिमेला. दिशाच बदलली होती मी. तुला कसं कळणार?"

धाकट्याने मान तिच्या खांद्यावर नीट टेकवली.

"तरीच," तो म्हणाला.

दवाखाना यायला अजून चाळीस मिनिटं होती. ताई त्याच्याशी बोलत राहिली, आणि त्यातल्या बऱ्याच वेळात तो ऐकायला नव्हता.