दुसरी सही

कर्ता जिथे दिसत नाही, तिथे उत्तरदायित्वही कोणाचे नाही असे मानण्याचा मोह माणसाला होतो. आणि संस्था जितकी विशाल, तितका तो मोह सोज्ज्वळ वेष धारण करतो. अशा वेळी एकट्या माणसाचा नकार कितीसा टिकावा, हा प्रश्न त्या दुपारी पाचव्या मजल्यावरच्या एका साध्या टेबलापाशी येऊन थांबला होता.

"सर, फक्त तुमची संमती राहिलीय. पाचला नवी आवृत्ती बाहेर जायचीय," विभागप्रमुख म्हणाली. वयाने ती पुष्कळ लहान. काम तिला टेबलामागच्या या गृहस्थांनीच शिकवले होते, म्हणून त्यांच्याशी ती अजून उभ्यानेच बोलत असे.

त्यांना सारे ऑफिस 'दुसरी सही' म्हणे. शंभर कोटी फोन ज्या प्रणालीवर चालत, ती घडवणाऱ्या या कंपनीचा दंडकच होता, की कोणीही केलेला बदल नेमलेल्या दुसऱ्या माणसाने तपासून संमती दिल्यावाचून बाहेर पडू नये. एकोणीस वर्षे ते हा दुसरा माणूस होते. स्वतःचे म्हणून बोट दाखवावे असे त्यांच्या नावावर काहीही नव्हते. "जन्मभर दुसऱ्याच्या स्वयंपाकात मीठ बघितलंत. एकदा स्वतः चूल पेटवा की," असे पत्नी म्हणे, आणि ते नुसते हसत. मात्र आपण पाहून पुढे सोडलेली एक ओळ उद्याच्या सूर्योदयाबरोबर देशोदेशी लोकांच्या उशाशी जागी होईल, या विचाराने आजही त्यांच्या अंगावर काटा येई.

आजचा बदल क्षुल्लक होता. फोनपर्यंत पोहोचायला ज्यांना वेळ लागतो, त्यांच्यासाठी घंटी तीसऐवजी नव्वद सेकंद वाजत ठेवण्याची एक जुनी सोय होती. ती लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता. नव्या रचनेत तिची अडचण होत होती, म्हणून ती काढायची होती.

"दहा हजारांत एक जण वापरतो, सर. तेवढ्यासाठी किती दिवस हे ओझं वाहायचं?"

"शंभर कोटींत किती होतात?"

तिने मनातल्या मनात हिशेब केला. "एक लाख."

 एक लाख माणसे मैदानात समोर उभी राहिली असती, तर त्यांच्याकडे पाठ फिरवण्याची छाती कोणाला झाली असती? पडद्यावरच्या टक्केवारीत मात्र ती सारी दशांशाच्या एका टिंबामागे मावली होती.

त्यांना आई आठवली. तिचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा शस्त्रक्रियेचा सारा भार याच कंपनीने उचलला होता. तो उपकार ते कधी विसरले नाहीत. घरी आल्यावर पलंगापासून चार्जिंगला लावलेल्या फोनपर्यंतची आठ पावले चालायला आईला पन्नास सेकंद लागत. पहिल्या दिवशी ती उंबऱ्याशी पोहोचली आणि घंटी थांबली. "कोण होतं कुणास ठाऊक," एवढेच म्हणून ती वॉकरसकट मागे वळली. त्याच संध्याकाळी त्यांनी तिला ही सोय चालू करून दिली. आता आई राहिली नव्हती.

"नाही देता येणार," ते म्हणाले.

तिने आवाज उतरवला. वरून नोकरकपातीची यादी मागितली आहे, तुमच्या नावावर दाखवायला काही नाही, आज अडवलेत तर मला तुम्हाला वाचवता येणार नाही, असे ती सांगत राहिली. सांगताना तिला त्यांच्याकडे बघवत नव्हते.

"यादी तू कर, बाळ. ते तुझं काम आहे. हे माझं."

कारणाच्या रकान्यात त्यांनी एकच ओळ लिहिली: 'एक लाख माणसे सावकाश चालतात.'

पाच वाजले. आवृत्ती जागच्या जागी थांबली. हा नकार फिरवण्याचा अधिकार वरिष्ठांना होता. परंतु त्यासाठी त्या ओळीखाली स्वतःच्या नावाने उत्तर लिहावे लागे. एकामागून एक वरिष्ठांनी ती ओळ उघडली, वाचली आणि मिटली. उत्तर लिहायला एकही हात पुढे आला नाही. तिसऱ्या दिवशी नवी आवृत्ती बाहेर पडली, ती सोय तशीच ठेवून. एवढा अवाढव्य पसारा आपल्यासारख्या निनावी माणसाच्या पाच शब्दांपाशी अदबीने थांबू शकतो, हे पाहून त्यांना स्वतःलाच विस्मय वाटला.

महिन्याने यादी लागली. तीत त्यांचे नाव होते.

ओळखपत्र परत करून ते निघाले, तेव्हा विभागप्रमुख त्यांच्या पुस्तकांची पिशवी घेऊन सोबत आली. लिफ्ट उघडी होती, तरी ते जिन्याकडे वळले, आणि तीही वळली. पाच मजले ती त्यांच्या चालीने उतरली. एकदाही पुढे गेली नाही.

त्या एक लाख माणसांना आपापल्या वेळाने पोहोचता येवो, आणि ती पोहोचेपर्यंत पलीकडे कोणी थांबलेले असो. नकार लिहिणाऱ्याला आणि यादी लिहिणारीला, दोघांनाही शांत झोप लागो.