अक्काने उकळलेले दगड

अक्का नानाकडे राहायला आली त्या दिवशी तिने आधी दारांच्या कड्या पुसल्या आणि मग चहा मागितला. तिचा सगळा जन्म इस्पितळात गेला होता. वॉर्डची मोठी सिस्टर म्हणून निवृत्त झाली, क्वार्टर सोडावं लागलं, आणि धाकट्या भावाकडे चार दिवस म्हणून आलेली बाई तिथलीच होऊन गेली. नानालाही दुसरं कोण होतं? बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लांब दिलेली. तो शिंपी. नजर अधू झाली तसं मशीन विकलं आणि पुढच्या खोलीत मशीनच्या रिकाम्या जागेकडे बघत बसायला लागला. भावाबहिणीत भांडण नव्हतं, पण बोलणंही बेताचंच. तो खिडकीशी खुर्चीत, ती आत स्वयंपाकघरात. जेवायला हाक मारली की तेवढी गाठ पडायची.

मग नानाचे उरलेसुरले दात पडले आणि कवळीसाठी तो दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ लागला. त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक काचेची टाकी होती, खाऱ्या पाण्याची. टाकीत एक समुद्रफूल. नावाला फूल, पण आहे तो प्राणी. एका पायावर दगडाला चिकटून बसतो आणि बोटांसारख्या शेकडो शुंडा पाण्यात हलवत राहतो. दुसरा कुठला मासा जवळ गेला तर त्याला डंख मारून गिळतो. मात्र नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेलं क्लाउनफिशचं एक जोडपं त्याच शुंडांत गादीवर लोळावं तसं लोळत असायचं. नाना ते बघत बसायचा. त्याचं नाव पुकारलं की शेजारच्याला म्हणायचा, तुम्ही जा आधी, मला घाई नाही. अक्का म्हणायची, लोक दातवाल्याकडून पळ काढतात, आमच्या येड्याला तिथून उठवावं लागतं.

डॉक्टरीणबाईंच्या हे लक्षात आलं होतं. त्या दवाखाना बंद करून लेकीकडे राहायला जाणार होत्या. एके दिवशी त्यांनी विचारलं, या तिघांना घेऊन जाता का? अट एकच. टाकी आधीपासून मांडायची आणि पाणी पिकू द्यायचं. खारं पाणी काही आज केलं आणि उद्या त्यात जीव सोडला, असं चालत नाही. त्या निघेपर्यंत टाकी तयार झाली तर तिघे नानाचे, नाहीतर एक दुकानदार टपून बसलाच होता. तो जोडपं एका गिऱ्हाइकाला विकणार आणि फूल दुसऱ्याला. नानाने होकार दिला. आपण कशाला हो म्हणतोय हे त्याला तेव्हा कळलं नव्हतं, पण हो म्हणताना त्याचा चेहरा स्थळ सांगून आल्यासारखा झाला होता, असं डॉक्टरीणबाईंनी पुढे अक्काला सांगितलं.

टाकी आली आणि मशीनच्या जागी बसली. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, समुद्राचं म्हणून वेगळं मीठ मिळतं. ते गाळलेल्या पाण्यात विरघळवायचं आणि तरंगती नळी सोडून खारटपणा मोजायचा. रोज थोडं पाणी उडून जातं, पण मीठ उरतं, म्हणून वरून घालायचं ते साधंच पाणी. नानाने सच्छिद्र दगड आणले, एकावर एक रचून त्यांच्यात कपारी ठेवल्या. समुद्रफूल मनाला येईल तेव्हा जागा बदलतं आणि फिरता फिरता पाणी खेळवणाऱ्या पंपाच्या तोंडात ओढलं गेलं की त्याच्या चिंध्या होतात. म्हणून त्याने पंपाच्या तोंडाला जाळीची टोपी शिवली. नजर अधू, तरी टाके असे की शोधून सापडू नयेत. मशीन गेल्यापासून त्याने हातात सुई धरलेली अक्काने पहिल्यांदाच पाहिली.

त्यानंतर कित्येक महिने टाकी रिकामीच. नाना रोज तिच्यात चिमूटभर माशांचं खाणं टाकायचा. अक्का शेजारणीला सांगायची, माझा भाऊ नसलेल्या माशांना जेवू घालतो, सख्ख्या बहिणीला चहा विचारत नाही. दगडांवर आधी तपकिरी थर आला, मग हिरवी शेवाळी. काच धुरकटली, गाळायच्या स्पंजला बुळबुळीत घाण धरली. नाना ते सगळं कौतुकाने न्याहाळायचा. अक्काचे हात मात्र शिवशिवायचे. जिच्या वॉर्डात मोठे डॉक्टरसुद्धा चपला बाहेर काढायचे, तिच्या डोळ्यांसमोर हा उकिरडा.

शेवटी डॉक्टरीणबाई निघणार होत्या ती महिनाअखेर तोंडावर आली. नाना कवळी बसवून घ्यायला गेला होता. आज ना उद्या पाहुणे येणार आणि घर असं, म्हणून अक्काने पदर खोचला. साबण लावला नाही, तेवढं तिला कळत होतं. दगड काढून घासले आणि मोठ्या पातेल्यात खळखळा उकळले. स्पंजही उकळला. जुनं पाणी ओतून दिलं, नवं खारं पाणी बरोब्बर खुणेपर्यंत केलं, दगड होते तसे रचले. टाकी ऑपरेशनच्या खोलीसारखी लखलखू लागली. ती मनात म्हणाली, आता बघ म्हणावं.

नाना आला आणि दारातच थांबला.

"दगड धुतलेस?"

"उकळले. शस्त्रक्रियेची हत्यारं उकळतात तसे. एक जंतू शिल्लक नाही."

नव्या कवळीने त्याला धड बोलता येत नव्हतं. खुर्चीत बसून चष्मा काढत तो एवढंच म्हणाला, "तेच तर पाळले होते, अक्का."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं. तो रात्री जेवला नाही, कवळी दुखते म्हणाला. सकाळी सवयीने त्याने चिमूटभर खाणं टाकलं. दोन-तीन दिवसांनी तपासणीच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन औषधाचे थेंब घातले, तर पाणी हिरवंगार झालं. ते पिवळं राहायला हवं होतं. हिरवं म्हणजे पाण्यात विष साठतंय आणि ते खाणारं कोणी उरलेलं नाही. नानाने नळी धुऊन ठेवली आणि म्हणाला, उद्या जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगतो, दुकानदाराला बोलावून घ्या म्हणून.

दुसरा दिवस उजाडला तेव्हा अक्का घरात नव्हती. ती दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. डॉक्टरीणबाई आल्यावर तिने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सिस्टर, जन्मभर जे मारण्याचा पगार घेतलात तेच मारलेत. फक्त हे आपल्या बाजूचे होते."

मग त्यांनी समजावलं. मासे घाण करतात, घाणीतून विष होतं, ते विष खाणारे जंतू दगडांत आणि स्पंजात घर करतात. घर भरायला महिने लागतात. अक्का खाली मान घालून शिकाऊ नर्ससारखी ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, मेलेलं उठवता येत नाही हे मला ठाऊक आहे, पण हे जंतू कुठून उसने मिळतात का?

डॉक्टरीणबाई हसल्या. "मिळतात की. माझ्या टाकीत आठ वर्षांची घाण आहे. निम्मे दगड न्या, दोनातला एक स्पंज न्या. उरलेल्यावर माझे तिघे निघेपर्यंत तगतील. पण धुवायचं नाही हं. आणि वाळू द्यायचं नाही."

अक्का बसने परतली. बसचा दांडा रुमालाशिवाय न धरणारी बाई, तिच्या मांडीवर बादली, बादलीत शेवाळलेले दगड आणि काळाकुट्ट स्पंज. वळणावर पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडलं. शेजारची बाई नाक मुरडून दुसरीकडे जाऊन बसली. अक्काला तिचा राग आला नाही. काल आपणही उठलोच असतो, असं तिला वाटलं. स्पंज वर येऊ लागला की ती हाताने दाबून पाण्याखाली धरायची, तापातल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवावा तसा.

घरी आल्यावर तिने बादली नानाच्या पायांशी ठेवली. "घे. धुतलेलं नाही."

नानाने वाकून पाहिलं. मग बाह्या वर सारत म्हणाला, "तू दगड दे, मी लावतो." कामाच्या निमित्ताने दोघं त्या दिवशी वर्षभराचं बोलले.

पुढे नळीतलं पाणी हिरव्याचं फिकट झालं आणि एका सकाळी पिवळं. नानाने मुद्दाम जास्त खाणं टाकून पाहिलं, तरी पिवळंच. अक्काने आपणहून ती नळी उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा तपासली, रुग्णाचा ताप उतरल्याची खात्री करावी तशी.

दवाखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी तिघे आले. डॉक्टरीणबाईंनी त्यांचे उरलेले दगडही पाठवले. नानाने बारीक नळीतून थेंब थेंब टाकीतलं पाणी त्यांच्या पाण्यात मिसळत नेलं आणि मग त्यांना आत सोडलं. जोडपं एका कोपऱ्यात अंग चोरून उभं राहिलं. फूल तर फूल दिसेचना, ओल्या मोज्याच्या बोळ्यासारखं पडून राहिलं. नानाने त्याच्यासाठी पुढे, खिडकीच्या समोर, सपाट दगडावर ऐसपैस जागा ठेवली होती. दुसऱ्या सकाळी तिथे काहीच नव्हतं. नानाने खुर्ची पुढे ओढली, मागे ओढली, काचेला नाक लावलं. मग जाळीची टोपी चाचपली. टोपी जागेवर होती, फूल मात्र नव्हतं. त्याचा चेहरा उतरला.

"गेलं वाटतं, अक्का."

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. टाकीची एक बाजू तिकडून दिसायची. तिने मान वाकडी करून पाहिलं.

"इकडे ये," ती हळूच म्हणाली.

फूल दगडाला वळसा घालून मागच्या कपारीत जाऊन बसलं होतं. पाय घट्ट रोवलेला, शुंडा पूर्ण फुललेल्या. जोडप्यातली मोठी मादी त्यात अंग घासत होती, आणि धाकटा नर बाहेर घुटमळत होता, परवानगीची वाट बघत असल्यासारखा. मग तोही आत शिरला.

नानाने सुटकेचा श्वास सोडला. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की खिडकीशी बसून हे कधीच दिसणार नाही.

"टाकी फिरवू या का?" अक्काने विचारलं.

"भरलेली टाकी हलत नसते."

"मग तो मधला दगड जरासा..."

"तू दगडांना हात लावायचा नाहीस," नाना म्हणाला, आणि जाऊन आपली खुर्ची उचलून आणली. स्वयंपाकघराच्या दारात ती अशी मांडली की निम्मी वाट अडली.

अक्काने दोनदा कडेने ये-जा केली. तिसऱ्यांदा तिला त्याच्या पायाची ठेच लागली.

"पाय आवर, नाना. घरात माणसांनाही राहायचंय."

त्याने पाय आत घेतले. नजर काचेवरून न काढता म्हणाला, चहा टाकतेस? मग आपणच उठला आणि म्हणाला, राहू दे, तू बस, मी टाकतो. ती मोठी जरा वेळ बाहेर आलीय, तेवढं बघ.

अक्का त्याच्या खुर्चीत बसली आणि बघू लागली.