बारा फूट पलीकडचा दगड

मी एक जुना दगड आहे. देव नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण या घडीला माझ्यापुढे दोन नारळ, पाच उदबत्त्या आणि एका मुलीचं हॉलतिकीट ठेवलेलं आहे. तिचा उद्या भूगोलाचा पेपर आहे. मित्रांनो, जो स्वतःच आपल्या जागेवर नाही, तो भूगोलात कुणाला काय पास करणार?

माझं खरं काम हद्द दाखवण्याचं. एक जमीन कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते, एवढंच सांगण्यासाठी माझा जन्म झाला. डिंगोऱ्याकडच्या एका खाणीतून सोपान पाथरवटानं मला काढलं, चार बाजू तासल्या आणि डोक्यावर छिन्नीनं फुली पाडली. मी तसा दिसायला बेताचाच. पण जड आहे. मला उचलायला चार माणसं लागतात. हा चारचा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. दगडानं गावाची अब्रू काढू नये. नारायणगावहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून तुम्ही कधी आमच्यावरून गेलाही असाल. चाळीसेक वर्षांपूर्वी गावात कॉलेज काढायचं ठरलं, तेव्हा जागा कोण देणार यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. शेवटी चिमाजीनं रस्त्याकडेची चार एकर दिली. कागदावर अंगठा उठवताना तो एवढंच म्हणाला, "पोरींना जीपला लोंबकळत जायला लागू नाय."

चिमाजी दानशूर होता, पण खुळा नव्हता. राहिलेल्या रानातली विहीर त्यानं स्वतःकडे ठेवली. विहिरीच्या मागं त्याचं दीड एकर रान होतं, आणि तिकडे जायची वाट विहिरीच्या आणि कॉलेजच्या मधून. त्या वाटेची रुंदी त्यानं चौदा फूट धरली. सोपाननं विचारलं, "चौदा कशाला? गाडीला आठ लई झालं."

"आठ गाडीला," चिमाजी बोटं मोडत म्हणाला, "चार समोरून कुणी आलं तर, आन दोन भांडान झालं तर मागं सराया."

मग त्यानं खड्डा खणला. त्याची नवी सून कोंडाबाई घमेलंभर कोळसा घेऊन आली. तो त्यानं खड्ड्यात ओतला आणि चौघांनी मिळून त्यावर मला उभं केलं.

"मामंजी, कोळसा कशापायी वो?" कोंडाबाईनं विचारलं.

"दगड कुणीबी हलवतंय, पोरी. कोळसा कुजत न्हाई, त्याला वाळवी लागत न्हाई. उद्या दगड खोटं बोलाय लागला, तर खालचा कोळसा खरं सांगंल."

मला तेव्हा राग आला होता. मी आणि खोटं बोलणार?

पुढची वर्षं सुखाची गेली. माझ्या पश्चिमेला कॉलेजचं मैदान, पूर्वेला कोंडाबाईची वाट. पोरं माझ्यावर बसून डबे खात, सायकली टेकवत. चिमाजी गेला, पण त्याचा शब्द राहिला. बांधावरून कुणाची बाचाबाची झाली, की लोक म्हणत, "दगड सांगंल ते खरं." मित्रांनो, कौतुकानं माणसं फुगतात म्हणतात. दगडही फुगतो. फक्त बाहेरून दिसत नाही.

मग रस्ता रुंद झाला. रस्ता रुंद झाला की त्याच्याकडेची जागा मैदान राहत नाही, तिला 'फ्रंटेज' म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा दादाभाऊंच्या तोंडून ऐकला. दादाभाऊ म्हणजे संस्थेचे सेक्रेटरी. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि चालताना नजर जमिनीवर. लोकांना वाटे किती नम्र माणूस. मी चाळीस वर्षं जमिनीवरून वर बघतोय, मला ठाऊक, ते फूट मोजत चालत.

मैदानात एक फलक उभा राहिला. त्यावर आधी लिहिलं होतं, 'नियोजित मुलींचे वसतिगृह'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्षभरानं तिथं 'ग्रंथालय व वसतिगृह' आलं. मग 'बहुउद्देशीय सभागृह'. शेवटी 'व्यापारी संकुल, गाळे भाड्याने देणे आहेत'. कॉलेजची जागा विकसित होते ती अशी. आधी फलकावर पोरी येतात, मग पोरी पुसून गाळे येतात. संस्था चालवायला पैसे लागतात हे खरंच आहे, त्यात मी पडत नाही. पण गाळ्यांपुढे पार्किंग दाखवल्याशिवाय नकाशा मंजूर होत नव्हता, आणि पार्किंगला बारा फूट कमी पडत होते.

चार वर्षांपूर्वी जमीन सपाट करायला सुदर्शन जेसीबी घेऊन आला. मी त्याच्या वाटेत होतो. त्यानं मशीन थांबवलं, खाली उतरला, माझ्या डोक्यावरची फुली पाहिली आणि दादाभाऊंना फोन लावला.

"दादा, हद्दीचा दगड आडवा येतोय. काय करू?"

फोनमधला आवाज मलाही ऐकू आला. "सरकव की पलीकडं. भिंतीच्या वेळंला बघू."

सुदर्शननं मला बकेटमध्ये उचलून पूर्वेला नेलं. बारा फूट. आता मित्रांनो, त्यानं मला तिथं आडवा फेकला असता, तर आज मी सुखी असतो. आडवा पडलेला दगड बघून कुणीही म्हणालं असतं, हा इथला नव्हे. पण सुदर्शन भला माणूस. हद्दीचा दगड लोळत ठेवणं त्याच्या मनाला पटेना. त्यानं बकेटनं खड्डा काढला, मला नीट उभा केला, चारी बाजूंनी माती दाबली, आणि जाताना मला हातसुद्धा जोडले. त्याच्या त्या चांगुलपणानं मी खोटारडा झालो.

पुढच्याच महिन्यात तपासणी समिती यायची होती. समिती येणार म्हटलं की कॉलेजात जे वर्षानुवर्षं होत नाही ते पंधरा दिवसांत होतं. नळाला पाणी येतं, कुंड्या येतात आणि कुंपणाची भिंतसुद्धा येते. गवंड्यानं विचारलं, "लाईन कुठून धरू?" दादाभाऊ म्हणाले, "दगड दिसतोय न्हवं? दगड सांगंल ते खरं."

ते वाक्य मी आयुष्यभर मिरवलं होतं. त्या दिवशी ते माझ्यावरच उलटलं.

भिंत माझ्या दोन्ही बाजूंना चढली. कोंडाबाईच्या चौदा फुटांतले उरले दोन. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला बिनकठड्याची विहीर. पिकअप तर सोडाच, म्हैससुद्धा जाईना. मागच्या रानात टोमॅटो पिकले की कोंडाबाई एकेक कॅरेट डोक्यावर घेऊन त्या दोन फुटांवरून यायची. साठीतली बाई. मी तिची पावलं मोजायचो. रंगाऱ्याकडे गेरू उरला होता. समितीच्या आदल्या दिवशी दिसेल ते रंगवायचं म्हणून त्यानं मलाही लालभडक करून टाकलं.

बस. लाल दगड, भिंतीला टेकलेला. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी झेंडू वाहिला. तिसऱ्या आठवड्यात शेंदूर लागला, नारळ फुटला. परीक्षेत मी 'एटीकेटी म्हसोबा' म्हणून नावारूपाला आलो. दादाभाऊंनी हे सगळं पाहिलं, खिशातलं एक पेन काढलं, परत ठेवलं, आणि माझ्यासाठी आठ फुटी सिमेंटचा ओटा बांधला. वर पत्रा, समोर लोखंडी जाळी, जाळीला कुलूप. दगड हलवता येतो, देव हलवता येत नाही. हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

आणि कोंडाबाई? ती दर शनिवारी जाळीतून हात घालून मला तेल घालायची. ज्या दगडानं तिची वाट गिळली, त्यालाच. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण तोंड नाही. त्या जागी आता चांदीचे डोळे चिकटवले आहेत.

गेल्या श्रावणात वाट निसरडी झाली होती. कोंडाबाईचा पाय सरकला. कॅरेट विहिरीत गेलं, ती काठाला धरून राहिली. लाल टोमॅटो पाण्यावर हलत होते, आणि मी चांदीच्या डोळ्यांनी ते बघत होतो. ती सावरून उठली आणि थेट माझ्यापुढे येऊन बसली.

"देवा," ती धापा टाकत म्हणाली, "तू मामंजींच्या हातचा. मामंजींनी भांडणाला दोन फूट ठिवलं व्हतं. आन सुनंला जायाला वाट ठिवणार न्हाईत व्हय?"

तिला दगडावर संशय घेणं जमत नव्हतं, आणि सासऱ्यावर तर त्याहून नाही. शेवटी तिनं दगडावर घेतला. दुसऱ्या दिवशी तिनं मोजणीचा अर्ज दिला.

मोजणीला सरकारी भूमापक आरती मॅडम आल्या. याच कॉलेजात शिकलेल्या. मी त्यांना ओळखलं. पूर्वी माझ्यावर बसून शेंगा खायच्या आणि टरफलं माझ्याच पायाशी टाकायच्या. सगळं गाव जमलं. दादाभाऊंनी आधीच सांगितलं, "मॅडम, हद्दीचा दगड जाग्यावर आहे. तिथूनच सुरू करा."

आरती मॅडमनी मशीन लावलं, माझ्यापासून मोजलं, शेजारच्या चार शेतांचे दगड तपासले, आणि कपाळाला हात लावला.

"सर, हा दगड खरा धरला, तर या चार जणांना बारा-बारा फूट पलीकडं सरकावं लागेल."

"आमी न्हाई सरकणार!" चौघांतला एक हौशीराम मागून ओरडला. "देवाला म्हणावं, तूच सरक की राव!"

लोक हसले. दादाभाऊ हसले नाहीत. "मशीन चुकू शकतं. देवस्थान आहे हे."

तेव्हा कोंडाबाई पुढं झाली. "म्याडम, दगडाखाली कोळसा हाय. मामंजींनी वतला, म्या घमेलं आणलं व्हतं. दगडाखाली खणा."

"देवाखाली खणायचं?" दादाभाऊ म्हणाले. "वहिनी, पाप लागेल."

"देवाखाली नको," आरती मॅडम शांतपणे म्हणाल्या. "माझं मशीन दाखवतंय तिथं खणू."

मशीन पार्किंगमधली एक जागा दाखवत होतं. सुदर्शनच कामाला होता. त्यानं पेव्हर ब्लॉक काढले आणि पुढची माती हातानंच उकरली. तीन फुटांवर त्याचा हात काळा झाला. कोंडाबाईनं वाकून ओंजळीत कोळसा घेतला. चाळीस वर्षांत तसूभर कुजला नव्हता.

मग सुदर्शन उभा राहिला. "म्याच उचलला व्हता त्याला. म्याच तिकडं उभा केला. मला वाटलं, उभा असला म्हंजी मान ऱ्हाईल त्याचा."

दादाभाऊ शहाणे. चारचौघांत हरलेली बाजू ते कधी लढत नाहीत. "चूक झाली, संस्था भिंत काढेल," ते म्हणाले, आणि आठ दिवसांत भिंत खरंच काढली. कोळशावर सिमेंटचा नवा खांब उभा राहिला. गावानं पेढे खाल्ले.

पण हिशोब करा, मित्रांनो. भिंत गेली, मी आहे. कोंडाबाईच्या चौदा फुटी वाटेच्या मधोमध आता आठ फुटी ओटा. एका अंगाला चार फूट, दुसऱ्या अंगाला विहिरीचे तेच दोन. पिकअपला जायला पाच-सहा तरी लागतात. कागदावर वाट तिची झाली, आणि तिच्यात उभा मी.

"ओटा संस्थेचा, तो आम्ही पाडू," दादाभाऊ सांगतात, "पण देव गावाचा. तो गावानं हलवावा." गाव म्हणतं, सेक्रेटरींनी किल्ली द्यावी. दादाभाऊ म्हणतात, किल्ली तर खिळ्याला टांगलेली आहे, घ्या की. आणि खरंच टांगलेली आहे. मला इथून दिसते. कुणी घेत नाही.

मला उचलायला चार माणसं लागतात, हे मी तुम्हाला आधीच सांगितलं. कोंडाबाई एक. ती परवाच पदर खोचून म्हणाली, "पाप लागलं तर मला लागू द्या, कॅरेटापरास जड न्हाई." सुदर्शन दोन. तो रोज येतो, ओट्याच्या कडेला बसतो आणि मान खाली घालून जातो. आरती मॅडमचं काम शिक्का मारून संपलं. हौशीराम म्हणतो, बघू, पोराची परीक्षा होऊ दे.

म्हणजे दोन कमी.

या शनिवारी कोंडाबाईनं मला तेल घातलं नाही. पदराच्या गाठीतून कोळशाचा एक तुकडा काढला आणि जाळीतून आत, माझ्या पायाशी ठेवला. नारळांच्या आणि हॉलतिकिटांच्या मधे तो काळा तुकडा मला किती ओळखीचा वाटला, म्हणून सांगू. मग ती कॅरेट डोक्यावर घेऊन विहिरीच्या काठानं निघाली. मी पावलं मोजली. सत्तावीस. ती पलीकडे पोचली.

मित्रांनो, तुमच्या गावातही असे दगड असतील. त्यांच्या पाया पडण्याआधी एकदा त्यांच्या पायाखाली बघत जा. जागेवरचा दगड सगळ्यांना वाट देतो, जागेवरून हललेला दगड देव झाला तरी आडवाच येतो. मला शेंदूर नको, पत्र्याची सावली नको, चांदीचे डोळे नकोत. माझा कोळसा इथून बारा फुटांवर आहे.

कधी आमच्यावरून जाताना थांबलात, तर दोघं या. येताना नारळ आणू नका. पहार आणा.