दोन गच्च्यांमधला डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, डब्याच्या आयुष्यात असं काय मोठं घडणार, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. पण कृष्णाकाठच्या आमच्या गावात येऊन ‘चंद्राबाईचा पुराचा डबा’ म्हणून विचारा, एसटीतून उतरलेल्या परक्या माणसालाही कुणीतरी थेट घरापर्यंत आणून सोडील. असा मान गावात सरपंचांना आहे आणि मला आहे.

जन्मलो तेव्हा माझ्या पोटात पंधरा किलो सरकीचं तेल होतं. सांगलीच्या एका दुकानात ते तेल संपलं आणि मी रिकामा होऊन बाजारात आलो. तिथे जुन्या डब्यांना झाकणं बसवून देणारा गुंडा नावाचा कारागीर होता. त्याने माझं तोंड कापलं, कडा आत वळवल्या, घट्ट झाकण केलं आणि उचलायला जाड तारेची कडी लावली. ‘हे झाकण तुज्या सुनंच्या सुनंला पुरंल, मावशी,’ असं म्हणून त्याने मला चंद्राबाईच्या हातात दिलं. तिने झाकण तीनदा उघडलं, तीनदा लावलं आणि मगच ती घराकडे निघाली. त्याच दिवशी मी ओळखलं, की माणूस चोखंदळ आहे.

घरात माणसं तीनच. चंद्राबाई, तिचे मालक आकाराम आणि सून रेश्मा. मुलगा फौजेत, तिकडे लांब सीमेवर. आकारामही फौजेतून हवालदार होऊन परतलेले. त्यांना साखरेचा आजार, पण शिस्त जुनी. गोळीची वेळ झाली की घड्याळाने चुकावं, त्यांनी नाही. मला ते ‘क्वार्टर मास्टर’, म्हणजे फौजेतला कोठारवाला, म्हणत. जाता-येता माझ्या झाकणावर टिचकी मारून विचारायचे, “काय सायब, माल हाय का?”

माल होता. चंद्राबाईने माझ्यात चांगले दहा किलो तांदूळ आणि तूरडाळ भरून ठेवली होती. पूर आला तर असावी म्हणून. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. पूर आला आणि तो अभिमान एका दिवसात उतरला.

एकोणीस सालचा महापूर तुमच्या घरच्यांना आठवत असेल. दुपारी पाणी उंबऱ्याला लागलं. तिघांनी मला उचलून स्लॅबवर आणलं. खाली गॅसची टाकी तरंगत गेली, चूल बुडाली, काड्यापेटीचा लगदा झाला. वर आम्ही चौघे, आणि माझ्या पोटात दहा किलो कच्चे डाळ-तांदूळ! ते कशावर शिजवायचे? चंद्राबाई माझ्याकडे बघत बसली. मीही तिच्याकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकारामांनी शिस्तीप्रमाणे गोळी घेतली. गोळी पोटात गेली, पण पोटात दुसरं काहीच नव्हतं. थोड्या वेळाने साखर एकदम उतरली आणि त्यांना दरदरून घाम फुटला. हात कापायला लागले, जीभ जड झाली आणि ते माझ्यावरच कलले. “आवं! आवं, बोला की!” म्हणून चंद्राबाई त्यांना हलवत होती. रेश्मा पलीकडच्या गच्चीकडे तोंड करून ओरडली.

पलीकडची गच्ची हरणाबाईची. मधे दहा-बारा फुटांची बोळ, तिच्यात तेव्हा पुरुषभर पाणी. हरणाबाईने रुमालात गुळाचा खडा बांधून असा नेम धरून फेकला, की तो बरोबर माझ्या झाकणावर येऊन आदळला. तो पोचा अजून आहे. गूळ तोंडात विरघळला तसे आकाराम सावध झाले. पुढे होडी आली, सगळे सुखरूप बाहेर पडले.

पण मित्रांनो, तेव्हापासून हरणाबाईला विषय मिळाला. नळावर, देवळात, लग्नाच्या पंगतीत, ती हसत हसत म्हणायची, “चंद्राक्का, धा किलोचा डबा तुजा, पर कामाला आला माजा एक खडा!” सगळ्या हसायच्या. चंद्राबाईही हसायची, आणि घरी येऊन माझं झाकण जरा जोरात लावायची.

काय चुकलं ते मात्र तिने नीट ओळखलं. पुरात चूल नसते. तेव्हा जे शिजवावं लागतं ते माझ्यात नको. एकदम भरायला हातात पैसे नव्हते, म्हणून तिने रीत घातली. पाडव्यापासून मृगापर्यंत दर आठवड्याच्या बाजारात नेहमीच्या सामानावर फक्त एक जिन्नस जास्त. या बाजाराला फुटाणे, पुढच्या बाजाराला शेंगदाणे, मग गूळ, मग बिस्किटांचे पुडे. रेश्मा तासगावकडे बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची, तिथले बारके बेदाणे स्वस्तात मिळायचे. सातूचं पीठ घरीच. भडंग सगळ्यात शेवटी, कारण ते लवकर मऊ पडतं. तीन माणसं, चार दिवस, या मापाने ती पुड्या बांधायची. आकारामांच्या पुडीवर लाल दोरा. दसऱ्याला सगळं काढून घरात खाऊन टाकायचं आणि पाडव्याला पुन्हा सुरुवात. त्यामुळे काही वाया गेलं नाही आणि कुणाला भारही वाटला नाही. फक्त दसऱ्याला घरात तीन दिवस भडंग खाऊन आकाराम म्हणायचे, “अगं, भाकरी बंद झाली का काय या पोस्टवर?”

एकवीस सालच्या जुलैमध्ये पाणी पुन्हा आलं. आता मी तयार होतो. छाती पुढे काढून मी जिना चढलो, म्हणजे रेश्माने चढवला. पण या वेळी गंमत निराळी होती. पाऊस सगळा वर घाटात पडलेला, धरणाचं पाणी सोडलेलं. आमच्याकडे मात्र दुसऱ्या दिवशी कडक ऊन. चहूकडे पाणीच पाणी, आणि पिण्यासारखा एक थेंब नाही. चंद्राबाईने पिण्याच्या पाण्याचा कॅन भरून ठेवला होता, अगदी जिन्याच्या पायरीवर. तो गडबडीत तिथेच राहिला. वर आली ती एकच बाटली, आणि ती आकारामांना आदल्या दिवशीच संपली. साखरेच्या माणसाला तहान फार.

सकाळी त्यांच्या हातात गोळी होती. आधी खायचं, मग गोळी, हे आता सगळ्यांना पाठ होतं. त्यांनी लाल दोऱ्याची पुडी सोडली, चार फुटाणे तोंडात टाकले. फुटाणे काही केल्या खाली उतरेनात. बिस्किटाचा तर तोंडात चुना झाला. मला फार वाईट वाटलं. माझ्यात सगळं होतं, पण घशाखाली जायला जे लागतं तेवढंच नव्हतं.

“आई, हरणाकाकूंच्या गच्चीवर टाकी हाय,” रेश्मा हळूच म्हणाली. “भरलेली असंल. मागू का?”

“नको,” चंद्राबाई म्हणाली. “आधी गुळाचं पुरं आयकू दे, मग पाण्याचं आयकू.”

पलीकडे तरी काय निराळं होतं? खालच्या गल्लीतली माणसं आसऱ्याला आल्याने हरणाबाईच्या गच्चीवर नऊजण झाले होते, त्यांत तीन लहान लेकरं. कुणाच्याच तोंडात सकाळपासून काही पडलेलं दिसत नव्हतं. हरणाबाईने मात्र कठड्याशी येऊन विचारलं, “झालं का जेवान, चंद्राक्का? आमचं झालं बाई!”

“आमाला काय कमी न्हाई!” चंद्राबाई म्हणाली. तिचे ओठ कोरडे पडून पांढरे झाले होते.

आकाराम फुटाणे गालात धरून म्हणाले, “दोन्ही फौजा उपाशी, पर माघार कुनी घेत न्हाई. वा रं गड्या!”

एवढ्यात पलीकडचं एक लेकरू रडायला लागलं. भुकेचं रडणं वेगळं असतं. ते चंद्राबाईलाही कळलं. ती माझ्यापाशी बसली. लाल दोऱ्याच्या पुड्या आणि दोन पुडे बिस्किटं तिने घरच्यांसाठी बाजूला काढली, आणि उरलेल्यातलं निम्मं माझ्यात ठेवलं.

“आई, आपलं अजून तीन दिवसांचं हाय त्यात,” रेश्मा म्हणाली.

“आपलं तिगांचं हाय. तिकडं लेकरं हायती.”

वरचा मजला कधीतरी बांधू म्हणून दोन्ही घरांच्या गच्चीवर सळया सोडलेल्या होत्या. मजले काही झाले नाहीत, पण सळया त्या दिवशी कामाला आल्या. कपडे वाळत घालायची दोरी दगड बांधून पलीकडे फेकली, दोन्हीकडे सळईला बांधली, मला कडीने अडकवलं आणि ओढायला दुसरी दोरी लावली. मी निघालो. खाली कृष्णेचं गढूळ पाणी, वर ऊन, मधे मी. गुंडाने बसवलेली कडी त्या वेळी कुरकुरली, पण सुटली नाही.

मी मध्यावर असताना चंद्राबाई ओरडली, “हरणे, डबा तेवडा लगीच परत धाड! रिकामा धाड हां!”

“रिकामा?” हरणाबाई तिकडून कडाडली. “माज्या दारातनं कवा कुनाचं भांडं रिकामं गेलंय?”

मित्रांनो, चंद्राबाईला हे ठाऊक होतं. म्हणून तर तिने तसं म्हटलं.

पलीकडे लेकरं माझ्यावर तुटून पडली. हरणाबाई मात्र खात नव्हती, माझ्यात काय घालायचं ते शोधत होती. गच्ची धुंडाळली. दोन चादरी, एक कंदील, देवाचा फोटो, रिकाम्या बाटल्या. घालण्यासारखं काही नाही. शेवटी तिने टाकीच्या नळाखाली पाच बाटल्या भरल्या, माझ्या पोटात उभ्या केल्या आणि खालमानेने दोरी सोडली.

“पाणीच हाय गं,” ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. “दुसरं काय न्हाई माज्याकडं.”

चंद्राबाईने पहिली बाटली आकारामांच्या तोंडाला लावली. फुटाणे खाली उतरले. मग सातूचं पीठ कालवलं, तेही पोटात गेलं. मग गोळी.  नंतर ती कठड्यापाशी गेली आणि म्हणाली, “हरणे, आता खा गं तू बी. गूळ हाय बग त्यात.”

पाणी उतरेपर्यंत मी दिवसातून चार चार फेऱ्या केल्या. मागितलं कुणीच काही नाही. जाताना माझ्यात खाणं असायचं, येताना पाणी.

त्यानंतर माझी गावभर वाहवा झाली. पण वाहवा फार टिकत नाही. पुढची वर्षं पाणी गावात शिरलं नाही. चंद्राबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बाजार सुटला. मी पाय ठेवायचं स्टूल झालो, मग मोबाइल चार्जिंगला ठेवायचं टेबल. दसरा आला नि गेला, कुणी मला रिकामं केलं नाही. शेंगदाणे खवट झाले, सातूत किडे झाले, गूळ पाझरून माझा तळ गंजला. भरलेला दिसत होतो, मित्रांनो, आणि आतून कुचकामी झालो होतो. याच्यापेक्षा रिकामा डबा बरा. त्याच्यावर निदान कुणी विसंबून राहत नाही.

यंदा पाडव्याला हरणाबाईनेच माझं झाकण उघडलं. नाकाला पदर लावून म्हणाली, “चंद्राक्का, पूर आला असता म्हंजी काय खाल्लं असतंस? ह्ये किडं?” दोघींनी मिळून मला घासलं, उन्हात तापवलं. म्हाताऱ्या गुंडाने तळ बदलून दिला. मग हरणाबाईने कमरेला खोचलेल्या रुमालाची गाठ सोडली आणि गुळाचा खडा माझ्या नव्या तळावर ठेवला. आकारामांनी टिचकी मारली, “क्वार्टर मास्टर, ड्यूटीवर हजर?”

हजर! या बाजारापर्यंत फुटाणे आणि बेदाणे आले आहेत. पाण्याचा कॅन आता जिन्यात नाही, कायमचा गच्चीवर आहे आणि त्यातलं पाणी दर सोमवारी बदलतात.

तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा डबा असेल. त्याला भरायला फार पैसे लागत नाहीत, दर बाजाराला एक जिन्नस पुरतो. पण त्याला विसरू नका. मधून मधून झाकण उघडा, जुनं खा, नवं ठेवा. आणि शेजारच्या घरातून कुणाचा डबा आला, तर तो परत करताना आत काहीतरी घालाच. काही नसलं तर पाणी घाला.

माझ्यावरचा गुळाच्या खड्याचा पोचा गुंडा ठोकून सरळ करणार होता. चंद्राबाई म्हणाली, “र्‍हाऊ दे त्यो.”