तैलरंगावरचा चुना

मी एका रंगाऱ्याची शिडी बोलतेय. आठ पायऱ्यांची, मध्ये बिजागरी असलेली. पाय फाकवले की कुठंही उभी राहते. एका सुताराने जुन्या दारांच्या लाकडातून मला घडवलं आणि मी या रंगाऱ्याच्या घरी आले.

माझा मालक दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आईबाप लवकर गेलेले, थोरल्या बहिणीनेच त्याला वाढवलेलं. ताई शाळेत शिकवायची. पाटीवर वेलांटी चुकली की भर रस्त्यात ओरडायची, "उतर खाली! अक्षर सुंदर म्हणून चूक खपत नाही!" आणि हा मुकाट्याने उतरायचा.

एका सकाळी आम्ही चौकात काम करत होतो. कापडाच्या दुकानातला एक विक्रेता आला. आवाज मोठा म्हणून लोक त्याला 'भोंगा' म्हणत.

"जरा शिडी दे रे. दोन शब्द बोलायचेत."

मालकाने हसत दिली. तो चौथ्या पायरीवर चढला आणि म्हणाला, आपला देश थोर, पण घरात परके शिरलेत, म्हणून आपल्या ताटात कमी पडतं. वीसेक माणसं होती. कुणीतरी टाळी वाजवली. त्या टाळीबरोबर त्याच्या टाचा उचलल्या गेल्या, ते मला जाणवलं. खोटं कशाला बोलू? त्याला पहिली उंची मीच दिली.

पाच वर्षांत तो 'राष्ट्ररक्षक' झाला. भोंगा म्हणणारे दोघं तुरुंगात गेले, बाकीच्यांच्या जिभा आपोआप वळल्या. निवडणूक 'तूर्तास' पुढे ढकलली. तूर्तास हा फार लांब पल्ल्याचा शब्द निघाला. मालकाला सरकारी बिल्ला मिळाला आणि भिंतीभिंतीवर तोच चेहरा काढायचं काम. दरवर्षी चेहऱ्यावरची एक सुरकुती कमी करायची, असा हुकूम.

"असंच चाललं तर शेवटी याला दुपट्यात रंगवावं लागेल," ताई म्हणाली.

"ताई, हळू बोल."

"हळूच बोलतेय की. तुझे कान घाबरलेत."

मग शाळेत नवी पुस्तकं आली. त्यात एक धडा होता : परके हे देशाचे शत्रू. ताईच्या वर्गात त्या 'परक्यां'ची तीन मुलं होती. तिने तो धडा शिकवला नाही. दुसऱ्याच दिवशी शाळेच्या दारातून तिला गाडीत घातलं.

मालक सात कचेऱ्या फिरला. सगळीकडे एकच उत्तर : "या नावाची बाई नोंदीतच नाही."

आठव्या दिवशी सकाळी त्याने मला खांद्यावर घेतलं, तैलरंगाचा डबा उचलला आणि चौकातल्या न्यायालयाच्या लांबलचक भिंतीवर ताईचं नाव लिहिलं. हातभर उंचीचं अक्षर, एकही वेलांटी न चुकलेलं. पहारेकऱ्याने अडवलं नाही. उलट माझा पाय धरला! सरकारी रंगारी लिहितोय म्हणजे सरकारीच असणार, असा त्याचा हिशेब.

एक बाई थांबली. "नोंदीत नाही, असंच सांगितलं मला. माझ्या मुलाचं लिहाल?"

दुपारपर्यंत बायकांची रांग लागली.

संध्याकाळी वरून आदेश आला, नावं पुसा. लिहिली कुणी, ते पहारेकरी सांगेना; सांगितलं तर शिडी कुणी धरली, हेही सांगावं लागलं असतं. तेव्हा पुसायचं काम आलं कुणाकडे? माझ्याच मालकाकडे. त्याने इमानेइतबारे चुना फासला. पण तैलरंगावर चुना धरत नाही, हे कुठलाही रंगारी सांगेल. चार दिवसांत पोपडे सुटले आणि नावं पुन्हा लख्ख. साहेबांनी पुन्हा चुना मारायला सांगितलं, त्याने पुन्हा मारला. चुना लावणे म्हणतात ते हेच! दर खेपेला तो नवी नावंही लिहायचा; ती वाढतच गेली.

पाचव्या वेळी आलेला अधिकारी नेमका दुसऱ्या एका रंगाऱ्याचा मुलगा निघाला. त्याने नखाने पोपडा उचकटला. "तैलरंगावर चुना? आणि आम्ही काय शेंबडी पोरं?"

मालकाच्या उजव्या हाताची बोटं मोडली त्यांनी आणि त्याला तुरुंगात टाकलं. मला कचेरीच्या आवारात फेकलं. पण रंगारी काही एकच नव्हता. गावोगावी तसल्या भिंती उभ्या राहिल्या.

राष्ट्ररक्षकाने मग शेजाऱ्यांशी लढाई काढली. आठ दिवसांची म्हणाला, तीन वर्षं चालली. शेवटच्या संचलनात लाखभर माणसं त्याच्यासमोर उभी होती आणि एकही टाळी वाजली नाही. लोक घरी गेलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी शिपायांनी बंदुका खाली ठेवल्या. देशासाठी मरायला निघालेला माणूस रुग्णवाहिकेत आडवा पडून मागच्या फाटकाने पळाला. त्याचा तीन मजली चेहरा उतरवायला लोकांनी मलाच आवारातून ओढून नेलं. चेहऱ्यामागे गंजके पत्रे होते.

मालक सुटला. ताई आली नाही. कुठं नेलं, ते कुणी सांगितलं नाही.

नवं सरकार गोड बोलतं. गेल्या आठवड्यात त्यांचा अधिकारी आला. "काका, झालं गेलं विसरू या. चौक सुंदर करायचाय. या वेळी आधी प्रायमर मारा, म्हणजे चुना टिकेल."

"टिकेल," मालक म्हणाला. "फक्त ही माणसं कुठं आहेत ते सांगा. एकेकाचा पत्ता द्या, एकेक नाव मी स्वतः पुसतो."

"सोमवारी आमची माणसं येतील," अधिकारी म्हणाला. गोड हसू मात्र तसंच.

आज सोमवार. मी भिंतीपाशी उभी आहे, किडलेली, कुरकुरणारी. मालक माझ्या सातव्या पायरीवर आहे. डाव्या हाताने ताईच्या नावावर रंगाचा दुसरा हात मारतोय. अक्षर वाकडं येतंय, पण येतंय. खाली बायका भिंतीला पाठ लावून बसल्यात. प्रायमरची गाडी गल्लीत वळली, कुणी उठलं नाही.

माझ्यात आता कितीसं बळ उरलंय? पण मला ओढायला येणाऱ्यांनो, आधी वर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा. आणि तुम्ही, इतका वेळ ऐकत बसलेले, तुमच्या घरचं एखादं नाव राहिलं असेल तर घेऊन या. डबा उघडा आहे. भिंत अजून शिल्लक आहे.